निरंक

"हॉर्न आयकलंय गो मी," काकी म्हणाली, "पण तुझ्या मोबायलान नाय म्हटल्यान मगे."

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तालुक्याहून दुपारी सुटणाऱ्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. मी डोंबिवलीला बहिणीकडे तीन दिवस राहून परत येत होते, ती बाजारातून घरी. मांडीवर रिकामी टोपली, टोपलीत घडी घातलेलं फडकं, मुठीत अर्ध्या तिकिटाची चिठ्ठी. बोटांची टोकं काळवंडलेली, सालं निघालेली. ओल्या काजूच्या डिकाने होतात तशी. शनिवारच्या बाजारासाठी शुक्रवारी रात्री तिने आणि तिच्या सुनेने चारशे गर काढले होते, बोटांना राख लावून लावून. आणि शनिवारी ती बाजाराला गेलीच नाही. शुक्रवारी रात्री पावणेनऊला तिच्या नातवाच्या मोबाईलवर माझ्या ॲपचा संदेश आला होता: मुक्कामाची गाडी आलेली नाही, उद्या सकाळची फेरी नाही. गाडी आली होती. सकाळी पावणेसहाला ड्रायव्हरने नेहमीसारखा एक लांब हॉर्न दिला, सहाला निघताना दुसरा. काकी तेव्हा चुलीपुढे होती. दोन्ही हॉर्न तिने ऐकले, कुणाचा तरी टेम्पो असेल असं म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

दोन दिवसांत गर सुकले. सोमवारी तिने ते एका दुकानदाराला पडेल भावाने दिले. मूठभर उरले होते ते कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकले. "वाईच सुकलेत. उसळीत घाल." मी पैसे काढायला लागले तर माझा हात बाजूला सारला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्या गरांची उसळ मी अजून केलेली नाही.

मुक्कामाच्या गाडीच्या गावात जे वाढलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, की संध्याकाळी येणारी गाडी ही खरं तर उद्याची गाडी असते. आठ-वीसला ती आली की दुसऱ्या दिवसाची घडी बसते. कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख, दुखरी दाढ, बाजाराची टोपली, सगळं तिच्या पोटात. नाही आली तर सकाळी अंधारात बॅटरी घेऊन तीन किलोमीटर हमरस्त्यापर्यंत चाल. म्हणून आमच्या गावात रात्रीच्या जेवणाआधी एकमेकांना विचारायचा प्रश्न एकच. "गाडी इली?" ताप उतरला का, पाऊस थांबला का, हे सगळं त्यानंतर.

आम्ही लहान असताना समोरच्या डोंगराच्या खांद्यावर दोन दिवे दिसायचे. ते दिसले, की गाडी यायला वीस मिनिटं. मधल्या वळणावर ते हरवायचे, पुन्हा खालच्या पुलाशी उगवायचे. बाबा मात्र दिव्यांकडे बघत नसत. पडवीच्या खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकत. घाटी चढताना गाडीचा आवाज जड होई आणि मग एकदम जाडाभरडा. "दुसरो गिअर टाकल्यान," बाबा म्हणायचे आणि आई पितळीत भात वाढायला घ्यायची. कोणता ड्रायव्हर आहे हेसुद्धा त्यांना आवाजावरून कळे, असा त्यांचा दावा होता. तो खरा की खोटा हे तपासायला आम्ही कधी स्टॉपवर गेलो नाही. बाबांवर तेवढा विश्वास ठेवायची पद्धत होती. कंडक्टर उतरला की त्याच्याकडून पेपरचा गठ्ठा, कुणाची औषधाची पुडी, कुणाच्या सासरचा निरोप. मग शाळेच्या पडवीत त्यांची पथारी. पहाटे कुणाच्या तरी घरून कढत पाण्याची बादली जायची. गार हवेत डिझेलचा तो घुसमटवणारा आणि तरीही आवडणारा वास, ओल्या वर्तमानपत्राने पुढची काच पुसणारा ड्रायव्हर. मुंबईला परत निघायच्या दिवशी तो वास आला की माझ्या पोटात खड्डा पडायचा. आजही पेट्रोल पंपावर कधीकधी पडतो.

पुणे ते नगर अशी एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला धावली. आमच्यापर्यंत रस्ता पोचायला आणखी बरीच वर्षं गेली, पण एकदा पोचल्यावर ती गाडी घड्याळाच्या जागी जाऊन बसली. २०२१ साली दिवाळीच्या सुमाराला संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हा मी पतपेढीतली नोकरी सोडून नुकतीच गावी राहायला आले होते. आई गेल्यावर बाबांना एकटं ठेवणं जमेना. संपाचे ते सगळे महिने बाबा रात्री आठला पडवीत जाऊन उभे राहायचे. गाडी येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "उबो रवतंय वाईच. वारो गावता." संप मिटला, गाडी पुन्हा यायला लागली. पहिल्या दिवशी ती घाटी चढून आली, स्टॉपवर थांबली, दिवे विझले, आणि बाबा पडवीत उभेच. पाच मिनिटांनी वळून मला विचारतात, "इली काय गो?"

त्या महिन्यांत कधीतरी त्यांचे कान गेले होते. ऐकायला गाडीच नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

ॲपचं मूळ हे. समाजसेवा वगैरे नाही. रोज रात्री मी ओरडून "इली, इली" म्हणायची, ते तीनदा विचारायचे आणि मग चिडून बॅटरी घेऊन स्वतः स्टॉपवर बघायला जायचे. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, उतारावर पाचोळा, त्यात सापकिरडू. मला वाटलं, गाडी आल्याबरोबर कुणी एक बटण दाबलं आणि घरात काहीतरी लाल-हिरवं उजळलं तर किती बरं होईल. मला कोड लिहिता येत नाही. एक्सेल येतं. बावीस वर्षं पतपेढीत जमाखर्च सांभाळला, त्यामुळे रकाने आणि ओळी यांच्यात मला घरच्यासारखं वाटतं. भाच्याने फोनवर सांगितलं, "मावशी, आता कोड लागतच नाही. शीट दिलीस की ॲप तयार." मी हसले. पण खरंच तसं होतं. गूगल शीटमध्ये चार रकाने केले: तारीख, वेळ, कोणी सांगितलं, गाडी. ती शीट ग्लाइड नावाच्या, शीटवरून ॲप बनवणाऱ्या साधनाला जोडली, तर समोर खरोखरच एक ॲप उभं राहिलं, वर बसचं लाल चित्र, खाली दोन बटणं, 'आली' आणि 'नाही'. ते चित्र बघून मला जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा चकली सरळ पडावी तसा.

संदेश पाठवायचं काम मेक नावाच्या साधनाला दिलं. त्यात पडद्यावर गोल गोल ठिपके असतात, एकेका कामाचे, आणि ते एकमेकांना जोडायचे. मंगळागौरीची रांगोळीच म्हणा. एक ठिपका शीट वाचतो, दुसरा टेलिग्रामवर संदेश टाकतो. टेलिग्रामच का, तर गावातल्या पोरांच्या मोबाईलमध्ये ते आधीपासून होतं. कशासाठी होतं ते विचारू नका. बटण दाबायला तीन माणसं ठरवली: स्टॉपसमोरचे दुकानवाले तात्या, शाळेतले सर, आणि वरच्या वाडीतला कॉलेजात जाणारा एक मुलगा. नियम असा, की कुणी 'आली' दाबलं तर लगेच संदेश. आणि पावणेनऊपर्यंत कुणीच 'आली' दाबलं नाही तर 'उद्या सकाळची फेरी नाही' असा संदेश. लगेच म्हणजे फार लगेच नव्हे. फुकटच्या खात्यावर मेक दर पंधरा मिनिटांनी एकदा शीटमध्ये डोकावतं. आम्हाला तेवढं पुरे होतं. गाडी कुठे पळून जात नव्हती, रात्रभर इथेच झोपणार होती.

पहिल्याच रात्री पावणेनऊचा संदेश आला तो पहाटे सव्वादोनला. पासष्ट मोबाईल एकदम वाजले. कुत्री उठली, एका घरात कुणी गेलं की काय म्हणून रडारड सुरू व्हायची वेळ आली. खातं उघडताना कुठल्या देशाची वेळ ते विचारणारा रकाना मी तसाच सोडून दिला होता आणि त्या यंत्राने रिकाम्या जागी आपणहून ग्रिनिचची वेळ धरली होती. मी दुसऱ्या दिवशी घरोघर हसत हसत माफी मागितली. ते इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण चुकीने तेव्हाच एकदा दारावर टकटक करून दाखवली होती. मी तिला ग्रिनिचचा पाहुणा समजून चहा पाजून पाठवून दिलं.

त्या पावसाळ्यात दोनदा गाडी खरोखरच आली नाही. एकदा दरड, एकदा पुलावर पाणी. दोन्ही वेळा पावणेनऊला माझा संदेश गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुणीही पावसात भिजत स्टॉपवर उभं राहिलं नाही. तात्यांनी मला दुकानात बसवून लिमलेटची गोळी दिली, जणू मी अजून चौथीत आहे. सरांनी शाळेत पोरांना सांगितलं. काकीच्या नातवाने तिला मोबाईलवर वाचून दाखवलं तेव्हा तिने म्हणे त्या मोबाईललाच हात जोडले. या दोन रात्रींनी माझ्या ॲपची पत तयार झाली. पतपेढीत आम्ही पत मोजायला कागद मागायचो. इथे दोन पावसाळी रात्री पुरल्या.

आता कळतं, की त्या दोन्ही रात्री माझं ॲप चुकलं होतं. फक्त उत्तर बरोबर आलं होतं.

शीट उघडून बघितली तर त्या दोन्ही तारखांना 'गाडी' हा रकाना रिकामा. 'नाही' हे बटण कुणीही, एकदाही, दाबलेलं नव्हतं. आणि दाबणार तरी कोण? आलेल्या गाडीला साक्षीदार असतात. ती आवाज करते, थांबते, तिच्यातून माणसं उतरतात. न आलेली गाडी नेमकी किती वाजता आली नाही, हे कुणी सांगावं? साडेआठला ती आलेली नसते, पावणेनऊलाही आलेली नसते, पण तात्यांना वाटत असतं की अजून येईल. माणूस वाट बघायचं थांबतो त्या क्षणी बटण दाबत नाही, कडी लावून जेवायला बसतो. त्यामुळे शीटमध्ये नुसतं पांढरं. आणि त्या पांढऱ्याचं माझ्या यंत्राने परस्पर 'नाही' केलं.

शुक्रवारीही पांढरंच होतं. पलीकडच्या गावात जत्रा होती, दशावतार होता, तात्यांनी दुकान सातलाच बंद केलं. सर शनिवारची रजा जोडून गावाला गेले. कॉलेजच्या मुलाच्या मोबाईलमधला डेटा त्या दिवशी संपला होता. तिघांची तीन कारणं, तिन्ही इतकी साधी की रागावताही येत नाही. मी दिवा-मुंब्र्याच्या मधे, लेडीज डब्यात, एका हाताने कडी धरून उभी. पर्स थरथरली. काढून बघितलं तर माझाच संदेश. आणि मला, आता लिहिताना अंगावर शहारा येतो, अभिमान वाटला. मी इथे, सहा-सात तासांच्या अंतरावर, घामाच्या आणि मोगऱ्याच्या वासात. आणि तिथे माझं ॲप गावाला सांगतंय, की उद्या अंधारात बाहेर पडू नका. घरी गेल्यावर बहिणीला तो संदेश दाखवला. ती म्हणाली, "भारीच की गं."

त्याच वेळी बाबा स्टॉपवर होते. हे मला सोमवारी कळलं. मी नसताना चुलतभावाकडे जेवायचे, पण आठला बॅटरी घेऊन निघायची सवय सुटली नव्हती. त्यांनी शुक्रवारी गाडी बघितली, कंडक्टरला हात केला, घरी येऊन झोपले. मी विचारलं, मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही? बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. "माका कोणी इचारल्यान?" त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन आहे. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो माणूस माझ्या ॲपमध्ये कुठेच नव्हता.

रात्री मेक उघडून बसले. दोन ठिपक्यांच्या मधल्या दोरीवर एक चाळणी लावलेली असते, काय पुढे जाऊ द्यायचं ते ठरवणारी. तिच्यात पर्यायांची यादी होती: 'बरोबर असेल तर', 'बरोबर नसेल तर', 'काही लिहिलेलं असेल तर', 'काहीच नसेल तर'. मी 'गाडी' या रकान्यापुढे 'आली'च्या 'बरोबर नसेल तर' निवडलं होतं. एक टिचकी. हेच जर वहीत पेनने लिहावं लागलं असतं, की 'रकाना कोरा असल्यास गाडी आली नाही असे समजावे', तर माझा हात थांबला असता, अशी माझी समजूत आहे. खात्री नाही. टिचकी मारायला इतकं हलकं वाटतं, की आपण एक वाक्य बोलून गेलो हे कळतच नाही. यात साधनाला दोष देण्यात अर्थ नाही. चारही पर्याय तिथे होते. मला वरून दुसरा पुरेसा वाटला.

आणि गंमत बघा, याच एका गोष्टीवर माझी बावीस वर्षं गेली होती. पतपेढीत आमचे जुने मॅनेजर होते, पान खाऊन खाऊन ओठ लाल, चष्मा कपाळावर. नव्या क्लार्कला पहिल्या दिवशी ते एकच गोष्ट शिकवत. तक्त्यात रकाना कोरा सोडायचा नाही. काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. मी तेव्हा विचारलं होतं, की नसेल तर नसेल, त्यात लिहायचं काय? ते म्हणाले, कोऱ्या रकान्याचे तीन अर्थ होतात. एक, रक्कम नाही. दोन, रक्कम आहे पण तुम्ही बघितली नाही. तीन, तुम्ही बघितली, पण लिहायची नाही असं ठरवलं. 'निरंक' लिहिलं की खाली सही कुणाची ते कळतं. पुढे किती तक्त्यांत मी तो शब्द लिहिला असेन, गणती नाही. गोल, सुबक, सरकारी शब्द. उच्चारतानाही कसा रिकाम्या डब्यासारखा वाजतो. आणि माझ्याच शीटमध्ये, माझ्याच गावाच्या गाडीपुढे, मी तो लिहायला सांगितला नाही.

झोप येईना म्हणून जगात इतर लोक हे कसं करतात ते शोधत बसले. गाड्यांची वेळापत्रकं जगभर ज्या साच्यात ठेवतात, त्याला जीटीएफएस म्हणतात. २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या बससेवेने आणि गूगलने मिळून तो सुरू केला. मला वाटलं होतं काहीतरी अगम्य असेल. उघडून बघते तर साध्या मजकुराच्या फाईली, स्वल्पविरामांनी तोडलेल्या: एकीत थांबे, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत कुठली फेरी कुठल्या थांब्यावर किती वाजता. आमची कीर्द-खतावणीच. त्यात मध्यरात्रीनंतरच्या वेळा चोवीसच्या पुढे मोजतात. रात्री दीडला पोचणारी गाडी तिथे पंचवीस-तीसला पोचते, कारण ती फेरी आदल्या दिवसाची. हे वाचून मला एकदम मुक्कामाच्या गाडीची आठवण झाली. तिची सकाळसुद्धा आदल्या संध्याकाळचीच असते. पोर्टलंडच्या त्या माणसांना आमची काकी समजली असती, असं उगीचच वाटून गेलं.

मग २०११ साली त्याला जोडलेला दुसरा भाग सापडला, ऐन वेळच्या बातम्यांचा: गाडी उशिरा, गाडी रद्द, थांबा वगळला. अलर्टची कारणं द्यायची तिथे यादी आहे, त्यात संप आहे, अपघात आहे, हवामान आहे, सुट्टी आहे, आणि 'कारण अज्ञात' हेही एक अधिकृत कारण आहे. एकेका थांब्याबद्दल काय सांगायचं त्याचे पर्यायही दिलेत. ठरल्याप्रमाणे. वगळला. आणि तिसरा, नो डेटा. म्हणजे गाडी येणार नाही असं नव्हे. आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. त्या दोन शब्दांसमोर मी बराच वेळ बसून राहिले. बाहेर रातकिडे, आत बाबांचं घोरणं. कुणीतरी, कुठेतरी, एका टेबलाभोवती बसून यावर बोललं असणार, की 'नाही' आणि 'माहीत नाही' यांना वेगवेगळ्या खुर्च्या द्यायला हव्यात. हे त्यांना आधीच सुचलं होतं, की त्यांच्याकडेही कुणी टोपली भरून घरात बसून राहिलं होतं?

दुरुस्ती करायला दहा मिनिटं लागली. दोरीला तीन फाटे फोडले. 'आली' असेल तर एक संदेश, 'नाही' असेल तर दुसरा, कोरं असेल तर तिसरा. तिसऱ्या संदेशाचे शब्द जुळवायला मात्र दोन दिवस गेले. 'माहिती उपलब्ध नाही' लिहून बघितलं, तर चौकशीच्या खिडकीत बसल्यासारखं वाटलं. शेवटी लिहिलं, "अजून कळूक नाय. कोणी बघल्यात तर सांगा." पहिल्याच आठवड्यात तो संदेश चार रात्री गेला. तात्या भडकले. "माहीत नाय ह्या सांगूक मोबायल कित्याक होयो? ता माका आधीच माहीत नाय!" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आधीचं ॲप ठाम होतं. रुबाब होता त्याला. आता ते चाचरायला लागलं आणि पासष्टातल्या अकरा जणांनी चॅनल सोडला. मला अकराचं वाईट वाटलं हे खरं. आणि त्यातून एक मेला हलकेपणाही वाटला, तोही खरा. चला, अकरा माणसं तरी पुन्हा आपल्या कानांवर गेली.

एक गोष्ट अजून उलगडत नाही. काकी माझ्यावर रागावली का नाही? वर्षानुवर्षं गाडी येते की नाही हे तिला कुणी सांगत नव्हतं, तेव्हा तिचं काही अडलं नव्हतं. वाट बघायची, नाही आली तर टोपली डोक्यावर घेऊन चालत सुटायचं. न सांगणाऱ्या सगळ्या जगावर तिने कधी बोट ठेवलं नाही. मग मी आले आणि सांगायला लागले. दोनदा खरं निघालं. तिसऱ्यांदा तिच्या स्वतःच्या कानांनी, साठ वर्षं ओळखीच्या असलेल्या हॉर्नने, एक सांगितलं आणि माझ्या मोबाईलने दुसरं. तर तिने स्वतःच्या कानांना खोटं पाडलं. एवढं मोठं माप माझ्या पदरात कुणी टाकावं असं मी काय केलं होतं? रंगीत चित्र काढलं, दोन बटणं लावली. ती रागावली असती तर हिशेब मिटला असता. तिने मूठभर गर दिले.

मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेले. काजूचा हंगाम संपत आलेला, अंगणात बोंडांचा आंबूस वास, माशा. मी तिला म्हटलं, काकी, पुन्हा असं झालं आणि हॉर्न ऐकू आला, तर हॉर्नवर विश्वास ठेव, मोबाईलवर नको. ती सूप पाखडत होती. म्हणाली, "आणि तसा असला तर मोबायल कित्याक?" तात्यांचाच प्रश्न. मग थोडं थांबून, सूप खाली ठेवून, "माका पण ता बटान दी. मी दाबतंय." नातवाच्या मोबाईलवर मी ग्लाइड उघडून दिलं. काळ्या बोटांचा ठसा पडद्यावर उमटेना, डिकाने कातडीच गुळगुळीत झालेली. तीन-चारदा दाबून बघितलं. शेवटी नातू म्हणाला, "आजी, तू सांग, मी लिवतंय." म्हणून शीटमध्ये एक 'शेरा' असा रकाना वाढवला. बाबांचंही नाव घातलं. ते स्टॉपवर जाऊन येतात, मी विचारते, आणि 'कोणी सांगितलं' याच्यापुढे 'बाबा' असं लिहिते. त्यांना ते आवडलं असावं. हल्ली आठऐवजी पावणेआठलाच निघतात.

काल रात्री गाडी आली. बाबा बघून आले, मी लिहिलं, संदेश गेला. आज पहाटे मी उठले तेव्हा खिडकीबाहेर अजून काळोख होता. खालून लांब हॉर्न आला आणि थांबला. मोबाईल उचलून शीट बघितली. पाच सेहेचाळीसला नवी ओळ पडली होती. कोणी सांगितलं: आजी. शेरा: "आजी म्हणता हॉर्न वाजलो."

मेक सहाला एकदा डोकावलं. पासष्टातून उरलेल्या चोपन्न मोबाईलांवर संदेश पडला तो सहा वाजून एक मिनिटाने. तोवर गाडी दुसरा हॉर्न देऊन पुलाच्या वळणावर पोचली होती आणि मागच्या काचेतून एक टोपली दिसत होती.